न जाण्यासाठी आलेलं बोलावणं

वाइनफेल्ड, १४ जानेवारी १९९७

प्रिय गेर्लिंड,

तू घरात कॉम्प्युटर ठेवत नाहीस आणि फोन वाजला की गोठ्यात निघून जातेस, म्हणून कॉम्प्युटरच्या एका बऱ्यापैकी नावाजलेल्या प्राध्यापकाला अजून शाईच्या पेनाने बहिणीला पत्र लिहावं लागतं. माझे सहायक हसतात मला.

बातमी मोठी आहे. हॉर्स्टमुंडे विद्यापीठाचं प्राध्यापकीसाठी बोलावणं आलंय. मंत्र्यांच्या सहीचं पत्र कालच टपालाने मिळालं. जाहिरात निघाली तेव्हा मी सहज अर्ज टाकला होता. नोव्हेंबरात चाचणीचं व्याख्यान दिलं आणि निवड समितीने तीन नावांच्या यादीत मला पहिलं ठेवलं, तेही एकमताने. व्याख्यान संपल्यावर लोकांनी बाकं अशी वाजवली की शेजारच्या वर्गातून कुणीतरी डोकावून गेलं. विषयही ताजा होता. प्रोग्राम चालवण्याआधीच त्यातल्या चुका यंत्राने आपल्या आपण कशा हुडकायच्या, असा.

हे माझं तिसरं बोलावणं. बाबा म्हणायचे, भोकं पाडलेल्या कार्डांवर कुणाचं पोट भरत नाही. त्यांच्या मुलाने त्याच कार्डांवर डॉक्टरेट केली, मग प्राध्यापकीला लागणारा दुसरा प्रबंध लिहिला, पस्तिशीच्या आत स्वतःचं अध्यासन, म्हणजे कायमची प्राध्यापकी मिळवली, आणि त्याच्या पाठ्यपुस्तकाची आता पाचवी आवृत्ती निघते आहे. ते असते तर आज त्यांच्या तोंडाकडे बघायला मजा आली असती.

हे सध्या कुणाला बोलू नकोस, सगळं गोपनीय असतं. गुडघा कसा आहे?

तुझा,
एकार्ट


ग्रोटवेर, २२ जानेवारी

प्रिय एकार्ट,

पत्र वाचलं आणि आधी चहा टाकला. खडीसाखर, वर साय, सगळं रीतसर. एवढ्या वर्षांनी तू परत उत्तरेला येणार म्हटल्यावर साधा चहा कसा चालेल? हॉर्स्टमुंडे इथून गाडीने पाऊण तासावर. रविवारी दुपारी येशील, मी बडबडेन, तू पेपर वाचत बसशील. मला चालेल.

बांधाजवळचं टेटेन्सचं घर विकायचं आहे. कालच त्याच्या म्हशीएवढ्या कुत्र्याला टोचायला गेले होते, तेव्हा त्याच्याशी बोलून ठेवलं. नाव घेतलं नाही, नुसतं 'ओळखीचा माणूस' म्हणाले. घाबरू नकोस.

एक गोष्ट मात्र मनाला लागली. आपल्या शेजारच्या आलर्सची विबके, तुझी जुनी विद्यार्थिनी, तिनेही याच जागेसाठी अर्ज केला होता. यादीत ती दुसरी आहे, हे तिने मला नाताळात सांगितलं. पहिला कोण ते तिला समितीने सांगितलं नव्हतं म्हणे. आता मला कळलं. पोरीची अवस्था तुला माहीत नसेल म्हणून लिहिते. तुझ्याकडून गेल्यावर हॉर्स्टमुंडेला तिने दुसरा प्रबंध पुरा केला, आणि लगेच कायद्याने मुदतीच्या नोकरीवर जेवढी वर्षं ठेवता येतं तेवढी तिची संपली. तेव्हापासून दर गुरुवारी ती तिथेच फुकट शिकवते. फुकट, एकार्ट. न शिकवलं तर व्याख्यातीचा किताब जातो, आणि किताब गेला की अर्ज करायचा हक्क संपला. बाकीचे दिवस ती दूध संघात यंत्रांची देखभाल करते. आणि सरकारी नेमणुकीला वयाची जी अट आहे, ती यंदा भरते. हीच तिची शेवटची संधी होती.

पण हरायचंच होतं तर तुझ्याशी हरली, हे त्यातल्या त्यात बरं. तू येशील तेव्हा तिला आपल्या हाताखाली घे. तिला तुझ्याकडे शिकायला मीच धाडलं होतं. तुझ्या पुस्तकातली निम्मी प्रकरणं तिने लिहिली, आणि प्रस्तावनेत 'काळजीपूर्वक मुद्रितशोधन केल्याबद्दल' तिचे आभार आहेत, हेही मला ठाऊक आहे. त्यावर मी तेव्हा काही बोलले नव्हते.

घराचं लवकर कळव. टेटेन्स थांबायचा नाही.

गेर्लिंड


वाइनफेल्ड, ९ फेब्रुवारी

प्रिय गेर्लिंड,

येणार असं मी कुठे लिहिलं होतं? पत्र पुन्हा वाच. बोलावणं आलंय, एवढंच लिहिलंय. टेटेन्सला सांग, ओळखीच्या माणसाचा विचार बदलला.

तुला आमच्या रीती माहीत नाहीत, म्हणून समजावतो. एकदा अध्यासन मिळालं की आपल्या विद्यापीठात बढती म्हणून काही उरत नाही. वाढवून काही हवं असेल तर बाहेरचं बोलावणं खिशात घालून कुलगुरूंच्या दारात उभं राहायचं, आणि जड अंतःकरणाने सांगायचं की जावंसं वाटत नाही, पण तिकडे फार देतायत. मग कुलगुरू विचारतात, थांबायला काय लागेल? मला आणखी दोन सहायक, नवी यंत्रांची खोली आणि पूर्णवेळ सेक्रेटरी लागेल. हे सगळेच करतात. नाकारलेली बोलावणी आम्ही आपल्या माहितीपत्रात छापतो, आणि ती अभिमानाने छापतो.

विबके दुसरी आहे हे मला माहीत आहे. समितीच्या अध्यक्षांनी कॉरिडॉरमध्येच सांगितलं होतं. पण तू हे उलट्या बाजूने बघतेस. माझ्या मागोमाग दुसरी म्हणजे तिचा मानच झाला. मी नाकारलं की बोलावणं तिलाच जाईल, तिचं काही बिघडत नाही. फक्त माझं इथलं बोलणं संपेपर्यंत मला नाकारता येत नाही, कारण नाकारलेलं बोलावणं दाखवून कुणी काही देत नाही. तिला यातलं काही सांगू नकोस. उगाच तिचं मन अस्वस्थ होईल.

एकार्ट


ग्रोटवेर, १३ फेब्रुवारी

एकार्ट,

आज सकाळी हार्म्सकडे गायीच्या पोटातून दोन दिवसांपूर्वी मेलेलं वासरू काढलं. खांद्यापर्यंत हात आत होता. घरी येऊन हात धुतले आणि लोणी-पाव खायला घेतला. मग टपाल उघडलं, आणि पाव अर्धा टाकून द्यावा लागला.

तुला खुंटा हलवून बळकट करायचाय, म्हणून एका बाईचा शेवटचा दरवाजा तू पायाने अडवून धरला आहेस. वर म्हणतोस तिचं मन अस्वस्थ होईल. मला तुझी किळस आली. हे गोडीत लिहायचा प्रयत्न केला, जमला नाही, म्हणून सरळ लिहिते.

'सगळेच करतात' हे मला सांगू नकोस. दुधात पाणी घालणारे सगळे शेतकरी मला हेच सांगायचे. फरक एवढाच की ते सांगताना खाली बघायचे, आणि तुम्ही ते माहितीपत्रात छापता.

तुझ्याकडे दोन सहायक आहेत, सेक्रेटरी आहे, कारंजं असलेल्या अंगणाकडे उघडणारी खिडकी आहे. तिच्याकडे गुरुवारचा फुकट वर्ग आहे. वर्षअखेरीला तोही निरुपयोगी होईल. तिच्या वयाची अट भरायला किती महिने उरलेत ते तुला माझ्याहून चांगलं कळतं. मंत्र्यांना एक ओळ लिही: येत नाही. आज लिही.

तिला मी अजून काही बोललेले नाही. तुझ्यासाठी गप्प नाही राहिले. काय तोंडाने सांगायचं हेच कळत नाही.

गेर्लिंड


वाइनफेल्ड, ३० मार्च

प्रिय गेर्लिंड,

उशीर झाला, माफ कर. आधी कुलगुरू स्कीइंगला आल्प्समध्ये गेले होते, मग परीक्षा आल्या, आणि आज ईस्टर. त्यांनी तोंडी सगळं कबूल केलंय, पण लेखी आल्याशिवाय मी हॉर्स्टमुंडेचा धागा सोडणार नाही. आमच्याकडे तोंडी शब्दावर अनेकांची आयुष्यं गेली आहेत. बहुधा जूनपर्यंत होईल. तिकडच्यांना मी 'गांभीर्याने विचार करतो आहे' असं कळवून मुदत वाढवून घेतली. उलट त्यांनी घर शोधायला मदत करायची तयारी दाखवली. किती सभ्य लोक आहेत.

तुझं मागचं पत्र मी फाडून टाकलं. तुला गुरांची सवय आहे. माणसांच्या संस्था थोड्या नाजूक असतात. शांत हो, आणि या प्रकरणात हात घालू नकोस.

एकार्ट


ग्रोटवेर, ४ एप्रिल

मा. डीन, संगणकशास्त्र विभाग, हॉर्स्टमुंडे विद्यापीठ

माननीय प्रोफेसर फेर्बेक,

आपण ज्यांना बोलावणं पाठवलं, त्या प्रोफेसर एकार्ट ड्युनेबिअर यांची मी मोठी बहीण. मी गुरांची डॉक्टर आहे, विद्यापीठात वावरलेले नाही, म्हणून थेट लिहिते. माझा भाऊ आपल्याकडे येणार नाही. तो कधीच येणार नव्हता. आपल्या बोलावण्याचा उपयोग तो स्वतःच्या विद्यापीठाकडून जास्त मिळवण्यासाठी करतो आहे, असं त्याने मला स्वतःच्या हाताने लिहून कळवलं आहे.

आपल्याला हे माहीत नसणार. त्याची वाट बघण्यात आपला वेळ फुकट जाऊ नये आणि यादीतल्या पुढच्या व्यक्तीचं वय उलटून जाऊ नये, म्हणून हे कळवते.

आपली,
डॉ. गेर्लिंड ड्युनेबिअर


हॉर्स्टमुंडे, २१ एप्रिल

आदरणीय डॉ. ड्युनेबिअर,

आपलं पत्र मिळालं. आपल्या स्पष्टपणाबद्दल आभार. अशा गोष्टी कागदावर सहसा येत नाहीत, म्हणून मीही हे उत्तर खाजगी समजून लिहितो.

आपले बंधू येणार नाहीत याची विभागाला आरंभापासून कल्पना होती. तरीही त्यांचं नाव पहिलं ठेवण्यात आम्हाला आनंदच वाटला. त्यांच्या योग्यतेचा माणूस यादीच्या शिरोभागी असला की मंत्रालयात विभागाची पत वाढते, आणि नाकारतानाही ते आमच्याबद्दल चार चांगले शब्द लिहितील. हा दोन्ही बाजूंना मान्य असलेला शिष्टाचार आहे. त्यात कुणाची फसवणूक झाली असं मला वाटत नाही.

यादीतल्या इतर नावांबद्दल मला बोलता येत नाही. एवढंच सांगतो की घरच्याच माणसाला घरचं अध्यासन देणं आपल्या देशात चांगलं समजत नाहीत. जी व्यक्ती इतकी वर्षं आमच्याकडे गुरुवारी शिकवते, तिला यादीत स्थान देऊन आम्ही तिच्या सेवेची योग्य ती दखल घेतली आहे.

आपल्या पत्राची प्रत शिष्टाचार म्हणून आपल्या बंधूंना पाठवत आहे.

सादर,
प्रा. डॉ. हाइनो फेर्बेक


वाइनफेल्ड, २ जून

गेर्लिंड,

महिन्याहून जास्त दिवस पत्र लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर तुला झेपलं नसतं.

तू माझ्या पाठीमागे डीनला पत्र लिहिलंस. त्याने ते मला पाठवलं, आणि फोनवर इतक्या गोडीने बोलला की माझे कान तापले. मग ते इकडच्या कुलगुरूंपर्यंत पोचलं. सिनेटच्या जेवणात कुणीतरी मला विचारलं, 'बहिणीची परवानगी घेतली का?' सगळी टेबलं हसली. पंचवीस वर्षांत मला असं कुणी हसलं नव्हतं.

तरीही काम झालं. दोन सहायक, खोली, सेक्रेटरी, सगळं लेखी मिळालं. त्या दिवशीच मी हॉर्स्टमुंडेला नकार कळवला. आता तुला जे कळणारच आहे ते मीच सांगतो. पैशाच्या तंगीमुळे मंत्रालयाने ते अध्यासन गोठवलं आहे. जागा इतके महिने रिकामी राहिली, तेव्हा तिच्यावाचून चालतं असा निष्कर्ष त्यांनी काढला. यादी रद्द झाली. विबकेला बोलावणं जाणार नाही. याला मी जबाबदार नाही, मंत्रालय आहे.

पण मी काही राक्षस नाही. मिळालेल्या दोन जागांपैकी एक मी विबकेला देणार आहे. तीन वर्षांची आहे, प्रकल्पाच्या पैशातून, म्हणजे मुदतीचा नियम आड येत नाही. तिला मी जेवायला नेलं, शॅम्पेन मागवली आणि म्हणालो, इतकी वर्षं झाली, आता मला एकार्टच म्हण. तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

अडचण फक्त तुझ्या पत्राची आहे. दोन्हीकडे सगळ्यांची खात्री आहे की ते तुझ्याकडून विबकेनेच लिहून घेतलं. असा डाग असलेल्या माणसाच्या नेमणुकीवर कुलगुरू सही करणार नाहीत. फेर्बेकला माफीचं पत्र लिही. तुला आमच्या रीती माहीत नव्हत्या, विबकेला कशाचा पत्ता नव्हता, आणि तुझ्या भावाबद्दल तू लिहिलंस ते चुकीचं होतं. प्रत माझ्याकडे.

एकार्ट


ग्रोटवेर, ६ जून

लाडके विबके,

तुला जे माहीत नाही ते सांगायला बसले आहे. आधीच सांगायला हवं होतं.

त्या यादीत पहिला माझा भाऊ होता. त्याला यायचं नव्हतं. स्वतःच्या दोन सहायकांसाठी त्याने जागा अडवून ठेवली, आणि तेवढ्यात ती जागाच गेली. आता त्याच चोरलेल्या भाकरीतला तुकडा तो तुझ्यापुढे टाकतो आहे, आणि तू त्याचे आभार मानावेस अशी त्याची अपेक्षा आहे. वर मी माफी मागायची म्हणे, मी डीनला खरं कळवलं त्याची.

घेऊ नकोस ती नोकरी. त्याच्या तोंडावर फेक. दूध संघाचा अध्यक्ष मला कालच म्हणाला, विबकेला कायम करायला आम्ही केव्हाही तयार आहोत, तीच मनावर घेत नाही. तिथे तुझ्या कामाखाली तुझंच नाव राहील. तू फेकलंस तर मला कुणाची माफी मागावी लागणार नाही. तुझ्यासाठी सांगते आहे, पण माझ्यासाठीही सांगते.

तुझी,
गेर्लिंड मावशी


हॉर्स्टमुंडे, १२ जून

प्रिय गेर्लिंड मावशी,

मला माहीत होतं.

नोव्हेंबरात चाचणीच्या दिवशी मी कॉरिडॉरमध्ये बाकड्यावर बसले होते, माझा नंबर तुझ्या भावाच्या नंतर होता. त्याच्या पंधरवडाभर आधी त्यांनी फोन करून माझ्या नव्या कामाच्या स्लाइड्स मागवल्या होत्या, वर्गात दाखवायला म्हणून. मी आनंदाने पाठवल्या. बंद दारातून त्यांचा आवाज येत होता. माझं उदाहरण, माझ्या आकृत्या, आणि जिथे लोक हसतील म्हणून मी विनोद घातला होता तिथे लोक हसले. मग बाकं वाजली. बाहेर येताना त्यांनी मला पाहिलं आणि खानावळीच्या आठवड्याच्या पाटीपुढे जाऊन उभे राहिले, आज काय शिजलंय ते वाचत.

मग मी आत गेले आणि तेच सगळं पुन्हा बोलले, कारण माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. शेवटी समितीतल्या एका गृहस्थांनी विचारलं, हे आपण प्रोफेसर ड्युनेबिअर यांच्याकडे शिकलात का? मी हो म्हणाले.

तुला किळस येईल. मलाही आली त्या दिवशी. पण मी ही नोकरी घेते आहे, मावशी. दूध संघातले लोक चांगले आहेत, पण तिथे मला जे येतं ते कुणाला नको आहे. त्यांना फक्त यंत्र बंद पडायला नको. मला येणारं हे एकच काम आहे, आणि ते करायची खोली त्यांच्याच इमारतीत आहे. तीन वर्षांत माझ्या नावाचं थोडं काही छापून आलं तर बाहेरच्या देशात कुठेतरी जमेल. तिकडे वयाचं एवढं बघत नाहीत असं ऐकते.

तू डीनला पत्र लिहिलंस हे कळून मला बरं वाटलं. कुणीतरी ते लिहिलं याचं बरं वाटलं. पण आता माझ्यासाठी ते मागे घे. महिनाअखेरीला कुलगुरू सही करतात. त्याआधी जायला हवं. मी आजवर तुझ्याकडे काही मागितलं नव्हतं.

विबके


ग्रोटवेर, १७ जून

आदरणीय प्रोफेसर फेर्बेक,

दिनांक ४ एप्रिलचं माझं पत्र मी मागे घेत आहे. ते विद्यापीठाच्या रीतीभाती ठाऊक नसल्याने लिहिलं गेलं. ते लिहिण्यात श्रीमती डॉ. आलर्स यांचा काहीही हात नव्हता, त्यांना त्याची कल्पनाही नव्हती. माझ्या भावाच्या हेतूंविषयी मी त्यात जे लिहिलं, ते चुकीचं होतं. आपल्याला आणि विभागाला जो मनस्ताप झाला त्याबद्दल मी मनापासून क्षमा मागते.

आपली नम्र,
डॉ. गेर्लिंड ड्युनेबिअर


ग्रोटवेर, १७ जून

एकार्ट,

प्रत जोडली आहे. तू सांगितलंस ते सगळं त्यात आहे. 'मनापासून' हा शब्द मी माझ्याकडून घातला, नाहीतर तू परत पाठवलं असतंस. टपालपेटीपर्यंत जाऊन एकदा मागे आले, मग पुन्हा गेले आणि टाकलं. नंतर कितीतरी वेळ गोठ्यात जाऊन उभी राहिले, निदान तिथे घाण कुठे आहे ते दिसतं.

विबकेच्या डोळ्यांत पाणी का आलं असेल, त्याचा तू विचार करू नकोस, तुला ते जमणार नाही. तिच्या नेमणुकीवर कुलगुरूंची सही घे. तुझी व्याख्यानं कुणाच्या स्लाइड्सवर चालतात, हे मी कुणाला विचारणार नाही. विचारलं तर असंच आणखी एक पत्र लिहायला लावशील. आणि ते मी लिहीन, हे आता तुला कळलंय.

गेर्लिंड